वस्तूचा धर्म आणि धन्याची हौस

मनुष्य जी वस्तु मोल देऊन घेतो ती त्याची होते, असें कायदा सांगतो. परंतु ती किती त्याची होते आणि तिचें काय करण्याची त्यास मोकळीक मिळते, या प्रश्नांचें उत्तर कायद्याच्या एखाद्या कलमांत सांपडण्याजोगें नाहीं. विकत घेतलेल्या पुस्तकाचीं पानें फाडून टाकण्यास धन्यास कोणी अडवीत नाहीं. तरी तीं फाडणाऱ्याविषयीं आपलें मत बरें होत नाहीं. उलटपक्षीं, बाजारांतून आणलेल्या साध्या लुगड्यास घरच्या गृहिणीनें आपल्या हातानें भरलेली किनार लावली, तर तिनें विणकराचा अपमान केला असें कोणी म्हणत नाहीं. दोन्ही ठिकाणीं धन्यानें आपल्या वस्तूंत बदलच केला आहे. मग एक बदल आपणांस खटकतो व दुसरा आवडतो, याचें कारण काय असावें?

हा प्रश्न आम्ही आज अशा एका उदाहरणावरून पाहणार आहों, कीं जें आमच्या पुष्कळ वाचकांस प्रथमदर्शनीं विचाराच्या योग्यतेचेंहि वाटणार नाहीं. एखादा गृहस्थ उत्तम प्रतीची, मोठ्या किंमतीची सेडान मोटार घेतो. आंत बसणाऱ्यास रस्त्याची जाणीवहि होऊं नये याकरितां तिच्या कर्त्यांनीं वर्षानुवर्षें डोकें चालविलेलें असतें. गाडीची नवी झळाळी उतरण्यापूर्वींच हा गृहस्थ तिला एखाद्या गॅरेजांत नेतो, तिच्या मूळच्या पोलादी स्प्रिंगा काढवितो, त्यांच्या जागीं हवा भरलेले रबरी फुगे बसवितो, मागच्या डिकींत हवेची टांकी व पंप ठेववितो, आणि मूळचीं चाकें उतरवून त्यांहून मोठीं व रुंद चाकें चढवितो. आतां हातांतील कळ दाबतांच गाडी पोट जमिनीला टेंकेल कीं काय इतकी खालीं बसते, व पुनः कळ दाबतांच उठून उभी राहते. अमेरिका, जपान व युरोपांतील देश यांत ही हौस चांगलीच रुजलेली असून आपल्याकडील मोठ्या शहरांतहि ती अपरिचित राहिलेली नाहीं.

"पैशाचा माज, दुसरें काय!" एवढें म्हणून हा विषय निकालांत काढतां येईल, परंतु आम्हांस तसें करवत नाहीं. पूर्वी सुतार घरीं येऊन धन्याच्या सांगण्याप्रमाणें पाट-चौरंग करून देई. आज पाटापासून मोटारीपर्यंत सर्व कांहीं दुसऱ्या कोणी तरी पूर्ण करून दिलेलें आपल्या दारीं येतें. अशा सिद्ध वस्तूवर आपल्या मनाची मुद्रा उमटविण्याची इच्छा ही केवळ गर्वांतून उपजते, कीं तिला कांहीं सबळ आधार आहे, हा प्रश्न म्हणूनच एका श्रीमंताच्या मोटारीपुरता राहत नाहीं.

प्रथम, बदललें जातें तें काय, हें नीट समजून घेऊं. चाक खड्ड्यांत गेलें तरी बसणाऱ्याची कंबर खड्ड्यांत जाऊं नये, आणि चाकानें रस्ता सोडूं नये, हें स्प्रिंगेचें काम. साध्या पोलादी स्प्रिंगेचा ताठरपणा ठरलेला असतो. एकटा मनुष्य बसला तर ती ताठ वाटते, आणि पांच माणसें व सामान चढलें तर दबून जाते. हवेच्या फुग्याचें तसें नाहीं. ओझें वाढलें कीं पंप त्यांत आणखी हवा भरतो, हवेचा दाब वाढतो, आणि दाबाबरोबर फुग्याचा ताठरपणाहि वाढतो. त्यामुळें गाडीची उंची ढळत नाहीं व तिच्या हेलकाव्यांची गतिहि जवळजवळ पूर्वीचीच राहते. एअर सस्पेन्शनची ही योजना मुळांत अशी निव्वळ आरामासाठीं आहे. अमेरिकेंत कॅडिलॅक कंपनीनें १९५७ सालीं 'एल्डोराडो ब्रूम' नांवाची मोटार काढली. तिची किंमत तेरा हजार डॉलरांहून अधिक होती आणि तिला चारी चाकांवर हवेच्या स्प्रिंगा होत्या. जर्मनींत मर्सिडीज-बेंझनें १९६१ सालच्या '३०० एसई' या गाडींत व १९६३ सालच्या '६००' या गाडींत हीच पद्धति योजिली, आणि १९९८ सालीं आपल्या एस-क्लास गाडींत तिला विद्युत्-नियंत्रणाची जोड दिली.

कॅडिलॅकच्या त्या मोटारीची पुढील हकीकत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. तिची हवा गळत असे. आणि पुष्कळ मालकांनीं कंटाळून फुगे काढून टाकले व साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. कर्त्याच्या मूळ रचनेंत हाहि बदलच. किंबहुना गाडीचा जो विशेष म्हणून मिरविला गेला होता तोच या मालकांनीं उपटून टाकला. तरी त्यांस कोणी उधळे किंवा उद्धट म्हटलें नाहीं. कारण उघड आहे: गाडीनें जें करावयाचें तें ती या बदलानें अधिक चांगलें करूं लागली. म्हणजे कर्त्याची रचना ही जशीच्या तशी जपण्याची पवित्र वस्तु आहे, असें आपणहि मानीत नाहीं.

आतां आजच्या हौशी धन्याकडे वळूं. त्यानें हवेच्या फुग्यांबरोबर चाकेंहि बदलली आहेत. समजा, मूळच्या टायरावर २२५/५५ आर १७ असा आंकडा होता. याचा अर्थ असा, कीं टायराची रुंदी २२५ मिलिमीटर, त्याच्या कडेची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ५५, म्हणजे सुमारें १२४ मिलिमीटर, आणि आंतील रिमेचा व्यास १७ इंच. आतां २० इंची रिम बसवावयाची, तर चाकाची एकंदर उंची कायम ठेवण्याकरितां, म्हणजे गाडीच्या वेगाचा कांटा खोटें बोलूं लागूं नये म्हणून, २४५/३५ आर २० असा टायर घ्यावा लागतो. दोन्ही चाकें बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीचीं, सुमारें ६७९ मिलिमीटरांचीं, भरतात. परंतु टायराची कड १२४ वरून ८६ मिलिमीटरांवर येते. डनलॉपनें १८८८ सालीं पेटंट घेतलेला हवेचा टायर म्हणजे स्वतःच एक हवेची स्प्रिंग होय, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या व्यवहारांतील विसंगति तेव्हांच दिसेल. धन्यानें वर हवेचे फुगे बसविले आणि खालच्या टायरांतील हवेची उशी जवळजवळ तिसऱ्या हिश्शानें कापून टाकली. शिवाय मोठें चाक बहुधा जड असतें, आणि स्प्रिंगेच्या खालचें ओझें हें सर्वांत वाईट ओझें, कारण त्याचे धक्के आवरणें स्प्रिंगेस कठीण जातें. सारांश, आरामासाठीं निघालेलें साधन येथें आरामासाठीं राहिलेलेंच नाहीं. तें उभ्या गाडीनें कसें दिसावें याकरितां आहे.

या ठिकाणीं शास्त्राधार पाहूं गेल्यास निर्णय धन्याच्या विरुद्ध जाईल असें वाटतें. अकराव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथांत अलंकाराची कसोटी औचित्य ही ठरविली. कंबरपट्टा गळ्यांत घातला किंवा हार कंबरेस बांधला तर दागिना सोन्याचा असूनहि हंसेंच होतें, असा त्याचा दृष्टांत आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९० सालीं सौंदर्यविचार करितांना सौंदर्याचे दोन प्रकार मानिले. फुलाचें किंवा शिंपल्याचें सौंदर्य स्वतंत्र असतें. तें पाहतांना त्या वस्तूचा उपयोग मनांत आणावा लागत नाहीं. घोडा, देवालय किंवा राजवाडा यांचें सौंदर्य मात्र परतंत्र असतें. ती वस्तु कशासाठीं आहे याची कल्पना बाजूस सारून तिला सुंदर म्हणतां येत नाहीं. मोटार ही या दुसऱ्या वर्गांत पडते यांत संशय नाहीं. जिचा धर्म सुखानें वाहून नेणें, तिला त्या धर्मास बाध आणून नटविणें हें गळ्यांत कंबरपट्टा घालण्यासारखेंच झालें!

परंतु इतक्या लवकर निकाल देऊं नये. सुखासीन मोटारीचा धर्म केवळ वाहून नेणें हाच आहे काय? रोल्स-रॉइसच्या बॉनेटवर १९११ सालापासून जी पंखधारी मूर्ति उभी असते, तिनें मागच्या बैठकीवरील मनुष्याची पाठ किती मऊ राहते? चकचकीत जाळी, नाकावरील तारा, दाराचा गंभीर आवाज, हीं सर्व कर्त्यानेंच पाहणाऱ्यासाठीं ठेविलेलीं असतात, आणि धन्यानें त्यांचेंहि मोल दिलेलें असतें. उच्चवर्गाचा पुष्कळसा खर्च हा उपभोगासाठीं नसून दुसऱ्यांनीं तो पाहावा यासाठीं असतो, हें अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेन यानें १८९९ सालींच सांगून ठेविलें. म्हणजे या वस्तूचा धर्म पहिल्यापासून द्विविध आहे: अर्धा बसणाऱ्यासाठीं, अर्धा पाहणाऱ्यासाठीं. ज्यानें ती गाडी आहे तशी ठेविली त्यानें प्रदर्शन टाकलें नाहीं. त्यानें कंपनीनें ठरवून दिलेलें प्रदर्शन पत्करलें, इतकेंच. आणि आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक ज्या साधेपणाचा अभिमान बाळगितों, तो साधेपणाहि पुष्कळदां चार शहाण्या माणसांनीं पाहावा म्हणूनच असतो, हें मनाशीं कबूल करण्यास हरकत नाहीं.

प्रदर्शन हें स्वतः पाप नव्हे, हें याहून स्पष्ट दाखविणारें एक उदाहरण अमेरिकेंतच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेल्स व त्याच्या आसपास मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या मोटारी खालीं बसवून, रंगवून, संथपणें रस्त्यावरून नेण्याची रीत पाडली. ज्या देशांत वेग हीच मोटारीची प्रतिष्ठा, तेथें त्यांनीं मंद गति व कमी उंची हींच आपलीं भूषणें केलीं. अशा मोटारींस 'लोरायडर' म्हणतात. कॅलिफोर्नियांत १९५८ च्या सुमारास असा कायदा झाला, कीं बदल केलेल्या गाडीचा कोणताहि भाग रिमेच्या सर्वांत खालच्या बिंदूहून खालीं नसावा. त्यावर रॉन अगिरे या तरुणानें १९५९ सालीं आपल्या कॉर्व्हेट गाडीस विमानांतील तेलाच्या दाबाचे पंप जोडले. पाहिजे तेव्हां गाडी बसावी व पोलीस दिसतांच कायद्यास हवी तितकी उठावी, अशी ती योजना होती. तेथें हवेऐवजीं तेल होतें. पण इच्छा तीच. पुढें तेथील अनेक शहरांनीं अशा संथ मिरवणुकींवरच बंदी घातली. हे सर्व निर्बंध कॅलिफोर्नियानें २०२३ सालीं कायदा करून उठविले. ज्यांस त्या शहरानें दुय्यम मानिलें, त्यांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ रस्त्यावर "आम्हीहि आहों" असें सांगितलें, आणि तें सांगण्यास त्यांच्याजवळ मोटारीखेरीज दुसरें साधन फारसें नव्हतें. शिवाय त्यांतील पुष्कळांनीं काम आपल्या हातांनीं केलें. मनुष्य एखाद्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते, असें सतराव्या शतकांत लॉकनें प्रतिपादिलें. त्या अर्थानें पाहिलें तर या मोटारी पावतीनें विकत घेतलेल्या मोटारींहून अधिक खऱ्या अर्थानें त्यांच्या होत्या.

जपानांत हीच हौस निराळ्या रूपानें दिसते. तेथें टोयोटाची 'सेल्सिओर' किंवा निस्सानची 'सीमा' या सेडान मोटारी म्हणजे कंपनीच्या वरिष्ठांनीं मागच्या बैठकीवर बसून जावें अशा प्रतिष्ठित गाड्या. तरुणांनीं नेमक्या त्याच घेतल्या, हवेच्या फुग्यांवर खालीं बसविल्या, रुंद चाकें लाविलीं, आणि त्या प्रकारास 'व्हीआयपी' हेंच नांव दिलें. ज्या प्रतिष्ठेच्या दारांत आपणांस प्रवेश नाहीं, तिचें वाहनच घेऊन त्यास आपली मोडणी द्यावी, यांत थट्टाहि आहे आणि हेवाहि आहे. परंतु त्यास नुसता माज म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो हौसेंत नाहीं, खर्चांतहि नाहीं. तो अन्यत्र आहे. खर्चाचा आक्षेप मोटारीवरच येतो, तिच्या चाकांवर नव्हे. ज्यानें मोटारीची किंमत मुकाट्यानें मान्य केली, त्यानें चाकांच्या किंमतीवर नीतीचें प्रवचन देऊं नये. खरा प्रश्न असा आहे, कीं गाडी ज्या उंचीवर, ज्या टायरांवर, ज्या ब्रेकांनिशीं चालते, ती सर्व रचना धन्याचें व कर्त्याचें खाजगी प्रकरण नाहीं. रस्त्यानें जाणारी म्हातारी, शाळेंतून परतणारें मूल, समोरून येणारा सायकलस्वार, यांनीं त्या गाडीची एक पैहि किंमत दिलेली नसते; तरी ती वेळेवर थांबेल या विश्वासावर तीं रस्ता ओलांडीत असतात. सुमारें दोन टन वजनाची गाडी रस्त्यास चिकटून राहते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या भागांवर. गाडी फार खालीं बसविण्याकरितां चाकें आंत कलती केलीं, कीं तो तळहातहि आंतल्या कडेपुरता उरतो. टायर कमानीस घांसतो. ओझें पेलण्याची टायराची मर्यादा पाहिलेली नसली, तर तो भर वेगांत फुटतो. धन्यास स्वतःची पाठ दुखवून घेण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या वतीनें धोका पत्करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें, कीं नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल धन्यानें गाडींत करूं नये. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. हौशी लोकांस यांत कर्त्याची अवाजवी पूजा दिसते. आम्हांस तींत दुसरें तत्त्व दिसतें. उत्पादक आपल्या गाडीची परीक्षा करवितो, तिच्या दोषांस उत्तर देतो, प्रसंगीं विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करितो. त्यानें बसविलेल्या प्रत्येक भागाबरोबर त्याची जबाबदारीहि गाडींत बसलेली असते. धनी जेव्हां त्यांतील एक भाग काढून दुसरा घालतो, तेव्हां त्या भागापुरती जबाबदारी कर्त्याच्या शिरावरून उतरते आणि धन्याच्या शिरावर चढते. बदल करणें म्हणजे अशा प्रकारें अंशतः कर्ता होणें होय. जुन्या कॅडिलॅकच्या मालकांनीं तें ओझें समजून उचललें. आजच्या पुष्कळ हौशी लोकांस कर्तेपणाचा मान हवा असतो, परंतु त्याबरोबर तें ओझेंहि आलें आहे याची त्यांस वार्ताहि नसते. आमच्या मतें नीतीचा दोष तो हाच.

आणि येथेंच हवेच्या फुग्यांच्या बाजूनें एक शब्द बोलणें अवश्य आहे. गाडी खालीं बसविण्याची याहून स्वस्त रीत म्हणजे मूळची स्प्रिंगच कापून टाकणें. ती गाडी मग कायमची खालीं बसते. खड्डा असो, पाऊस असो, आंत गरोदर बाई असो, तिला वर उठतां येत नाहीं. फुग्यांवरील गाडी मात्र, नीट रीतीनें व नीट मापानें बसविलेली असली तर, प्रदर्शनांत बसते आणि रस्त्यावर उठते. आपल्याकडे पोळ्याच्या दिवशीं बैलाचीं शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात, गळ्यांत घुंगरमाळा बांधतात. पण त्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं नांगरास जुंपतांना झूल उतरवून ठेवितात. शेतकऱ्यानें नटण्यास एक दिवस दिला आणि कामाचे दिवस कामास ठेविले. अंगावरून उतरवितां येतो तोंवर अलंकार अलंकार राहतो. उतरवितां येईनासा झाला म्हणजे ती बेडी होते. हवेचे फुगे गळतात, नळ्या तुटतात, हें खरें. तेव्हां त्यांस सर्वस्वीं निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जी हौस गरज पडतांच मागें सरण्याची सोय स्वतःतच ठेविते, ती हौस जी मागें सरूंच शकत नाहीं तिच्याहून भली, इतकें तरी म्हणावेंच लागेल.

आमच्या वाचकांच्या घरीं अशी मोटार बहुधा नसेल. परंतु एखाद्या मुलानें किंवा पुतण्यानें आपल्या गाडीविषयीं असाच हट्ट धरलेला असण्याचा संभव आहे. त्यास "लोक काय म्हणतील" असें विचारूं नये. लोकांनीं कांहीं तरी म्हणावें हीच तर त्याची इच्छा आहे. "पैसे झाडाला लागतात काय" असेंहि विचारूं नये. त्या प्रश्नानें तो गप्प बसेल, पण शिकणार कांहीं नाहीं. जो भाग तूं काढतोस तो तेथें कशासाठीं होता, हें त्यास विचारावें. त्यास तें सांगतां आलें, आणि नव्या भागास मीच जबाबदार असें म्हणण्याची त्याची तयारी असली, तर त्याच्या रंगरूपाशीं आपली रुचि जुळो वा न जुळो, त्यास अडविण्यास आपणांजवळ नीतीचें कारण उरत नाहीं. कायद्याची मर्यादा राहील ती त्यानें पाळावी. सांगतां आलें नाहीं, तर मात्र ती गाडी त्याच्या नांवावर असूनहि अद्याप त्याची झालेली नाहीं, आणि तिला हात लावण्यापूर्वीं त्यानें ती समजून घेणें हेंच त्याचें पहिलें काम आहे.